झोपेत गादी ओली करणारी कुत्री: आजार, वय की सवय?

सायंतारा यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे चांदी नावाची आठ वर्षांची कुत्री आहे. तिचे वजन १८ किलो असून ती दीड वर्षाची असताना तिची नसबंदी झाली. पिल्लूपणीचे दिवस सोडले तर तिने आजवर एकदाही घरात घाण केली नव्हती. गेल्या तीन आठवड्यांत मात्र सकाळी ती उठून गेली की गादीवर कधी तळहाताएवढा, तर कधी ताटलीएवढा ओला डाग दिसतो. तिला स्वतःलाही ते उठल्यावरच कळत असावे, कारण ती वळून तो डाग हुंगते, मागचे पाय चाटते आणि कान पाडून कोपऱ्यात जाऊन बसते. दिवसा बाहेर नेल्यावर ती नेहमीप्रमाणे बसून एका दमात भरपूर लघवी करते. लघवीचा रंग फिकट पिवळा आहे आणि तीत रक्त दिसलेले नाही.

याखेरीज सोफ्यामागच्या कोपऱ्यात लघवीचा वास येतो. तिथे तिला आम्ही कधी रंगेहाथ पकडलेले नाही, पण फिनाइलने चार वेळा पुसूनही हवा दमट झाली की वास पुन्हा वर येतो.

घरात यावरून दोन तट पडले आहेत. अलीकडे मी जास्त वेळ बाहेर असते, म्हणून ती रुसून मुद्दाम असे करते, असे सासऱ्यांचे ठाम मत आहे. मला तो आजार वाटतो. ती पाणी थोडे जास्त पिते असेही मला वाटते, पण ते खात्रीने सांगता येत नाही. रात्री आठनंतर पाण्याचे भांडे उचलून ठेवले तर चालेल का? पशुवैद्यांकडे लघवीचा नमुना न्यायचा झाल्यास तो घ्यावा कसा? आणि त्या कोपऱ्याचे काय करावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

चौथा मोती यांचे उत्तर

सायंतारा, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दुसरे कोणी माझ्यापेक्षा बरे देईल, म्हणून मी पहिल्याला हात घालतो. पाण्याचे भांडे कृपा करून उचलू नका. कुत्रे जास्त पाणी पिते म्हणून जास्त लघवी करते, हे आपल्याला सरळ वाटते. आजारात मात्र बहुतेक वेळा गाडी उलट दिशेने धावत असते. मूत्रपिंडांना पाणी रोखता येत नाही, ते लघवीवाटे निघून जाते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी बिचारे पाणी पीत राहते. अशा वेळी भांडे काढले तर गादी कदाचित कोरडी राहील, पण कुत्रे शुष्क पडेल आणि एरवी चार दिवस निभावले असते ते दुखणे एका रात्रीत अंगावर येईल.

त्याऐवजी पाणी मोजा. सकाळी ठरलेल्या वेळी मोजपात्राने एक लिटर पाणी भांड्यात ओता, दिवसभरात भर घातली तर ती लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले पाणी मोजून वजा करा. असे सलग तीन दिवस करून सरासरी काढा. साधारणपणे निरोगी कुत्रे दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी पिते, म्हणजे तुमच्या चांदीचा हिशेब लिटरभराच्या आसपास येतो. ओलसर अन्न खाणारे कुत्रे यापेक्षा बरेच कमी पिते, आणि उकाड्यात किंवा भरपूर धावपळीनंतर आकडा वाढतो, हे लक्षात घ्या. दर किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर, म्हणजे तिच्या बाबतीत १.८ लिटरच्या पुढे आकडा गेला, तर मग वाट पाहू नका.

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहितो आहे, कारण माझ्या दुसऱ्या मोतीच्या वेळी मी हे मोजले नव्हते. तो पाणी खूप पितो हे दिसत होते, आणि आम्ही त्याचे खापर उन्हाळ्यावर फोडत होतो. तो मागच्या अंगणात ज्या दगडापाशी लघवी करायचा, त्या दगडाला एके सकाळी काळ्या मुंग्यांची रांग लागलेली दिसली. मधुमेह या शब्दातच सगळे सांगितलेले आहे, मेह म्हणजे लघवी आणि मधु म्हणजे गोड, पण तो शब्द रोज वापरणाऱ्या मला मुंग्या पाहिल्यावर तीन दिवसांनी त्याचा अर्थ उमगला. रक्तातली साखर दर डेसिलिटरमागे सुमारे १८० ते २२० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की कुत्र्याच्या मूत्रपिंडांना ती आवरत नाही, ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. पुढे मोती इन्सुलिनवर चार वर्षे जगला, पण निदानाआधीचे दोन महिने आम्ही फुकट घालवले, याची रुखरुख अजून आहे.

राहिला सासऱ्यांचा मुद्दा. वडीलधाऱ्यांना दुखवायचे नाही, पण कुत्रे सूड म्हणून लघवी करत नाही. एकटे राहण्याची धास्ती असलेली कुत्री घरात लघवी करतात हे खरे, परंतु ती जागेपणी करतात, बहुधा मालक बाहेर पडल्यावर लवकरच, आणि सोबत दार ओरबाडणे, भुंकणे, येरझारा असे प्रकारही चालू असतात. खुणा करणारे कुत्रे उभ्या वस्तूवर थोडी थोडी लघवी उडवते. घाबरून किंवा आनंदाने निसटणारी लघवी माणसासमोर होते. झोपेत नकळत झिरपणे या कशातच बसत नाही. तेव्हा ओरडणे बंद करा; कान पाडणे ही अपराधाची कबुली नसते, तो आपल्या आवाजाला घाबरलेला चेहरा असतो.

निवृत्त पशुवैद्य यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे गृहीत धरून पुढचे वाचावे.

नसबंदी झालेली, मध्यम किंवा मोठ्या अंगाची, मध्यमवयीन कुत्री, जागेपणी व्यवस्थित लघवी करते आणि गाढ झोपेत गळते, हे वर्णन ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा येते ती मूत्रमार्ग आवळून धरणाऱ्या स्नायूची शिथिलता. नसबंदीनंतर इस्ट्रोजेन हे मादीचे संप्रेरक कमी होते, त्या स्नायूचा ताण हळूहळू उतरतो, आणि हे कधी काही महिन्यांत तर कधी कित्येक वर्षांनी दिसू लागते. कुत्री आडवी झाली, अंग सैल पडले की मूत्राशयात साठलेली लघवी आपोआप झिरपते. यावर चांगली औषधे आहेत, आणि बहुसंख्य कुत्र्यांना त्यांचा गुण येतो. मात्र औषध सुरू करण्याआधी संसर्ग, मूतखडा आणि पातळ लघवीची कारणे वगळावी लागतात, कारण स्नायू थोडासाच सैल असलेली कुत्री मूत्राशय जास्त भरले की गळू लागते, आणि मग खरा आजार गळतीच्या आड लपून राहतो.

त्यासाठी लघवीची साधी तपासणी पुष्कळ सांगते, आणि तिच्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा आकडा म्हणजे विशिष्ट गुरुत्व, म्हणजेच पाण्याच्या तुलनेत लघवी किती दाट आहे. शुद्ध पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.००० धरले, तर मूत्रपिंडाने रक्तातून गाळलेला द्रव दाट किंवा पातळ न करता तसाच पुढे पाठवला तर लघवी १.००८ ते १.०१२ च्या दरम्यान येते. निरोगी मूत्रपिंड गरज पडली की त्यातले पाणी परत शोषून घेते आणि लघवी १.०३० च्या वर दाट करते. म्हणून शुष्क पडलेल्या कुत्र्याची लघवीही १.०१० च्या आसपासच राहिली, तर मूत्रपिंडाविषयी काळजी वाटते. १.००८ च्या खाली गेलेली लघवी वेगळीच गोष्ट सांगते: मूत्रपिंड पाणी बाहेर टाकण्याचे काम करते आहे, पण ते रोखण्याचा संदेश त्याला मिळत नाही किंवा मिळूनही पाळता येत नाही. अधिवृक्क (मूत्रपिंडांलगतच्या) ग्रंथींचा कुशिंग आजार, रक्तात वाढलेले कॅल्शियम, गर्भाशयातील पू अशी कारणे तिथे शोधावी लागतात. एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण नुकतेच भरपूर पाणी प्यालेल्या निरोगी कुत्र्याची लघवीही पातळ असते. पहाटेचा पहिला नमुना मागतात तो त्यासाठीच. खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या आठवणीने सांगा. त्यांनी तहान आणि लघवी दोन्ही वाढतात, आणि मालक हे सांगायचे हमखास विसरतात.

नमुना घेण्याची युक्ती अशी. लांब दांड्याची धातूची पळी उकळत्या पाण्यातून काढून कोरडी करा. सकाळी कुत्रीला दोरीवर आखूड धरून बाहेर न्या, ती बसून लघवी सुरू करेपर्यंत हालचाल करू नका, आणि धार लागल्यावर मागून अलगद पळी सरकवा. आधी पळी दाखवली तर ती उठून चालू लागते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. सुरुवातीचे थेंब जाऊ द्यावेत आणि मधली धार घ्यावी. दोन-तीन चमचे लघवी पुरते. ती स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ओतून शक्यतो तासाभरात पोचवा. उशीर होणार असेल तर शीतकपाटात ठेवा आणि ठेवली होती असे सांगा, कारण थंडीने लघवीत नवे स्फटिक तयार होतात आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते. जंतूंच्या कल्चरसाठी, म्हणजे ते वाढवून ओळखण्यासाठी, मात्र असा नमुना चालत नाही. त्यासाठी पशुवैद्य पोटावरून बारीक सुईने थेट मूत्राशयातून लघवी काढतात. ऐकायला भयंकर वाटते, पण कुत्र्यांना रक्त काढण्याइतकाही त्रास होत नाही.

माणसांसाठीच्या तपासणीपट्ट्या आणून घरी परीक्षा करणाऱ्यांसाठी एक सूचना. त्यांतील साखर, रक्त आणि आम्लता यांचे चौकोन उपयोगी आहेत, परंतु पांढऱ्या पेशी, नायट्राइट आणि विशिष्ट गुरुत्व यांचे चौकोन कुत्र्यांच्या लघवीत विश्वासार्ह नाहीत. विशिष्ट गुरुत्व रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणानेच मोजावे. पट्टीवर प्रथिने दिसली तर प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर करून घ्यावे. संसर्ग नसताना ते सतत ०.५ च्या वर असेल तर मूत्रपिंडातून प्रथिने गळत आहेत असे समजतात.

रंगाविषयी थोडेसे, कारण इथे पुष्कळ लोक वाचतात. दाट पिवळा रंग बहुधा पाणी कमी पडल्याचा असतो. नारिंगीकडे झुकणारा रंग पित्तरंजकामुळे (बिलिरुबिन) येऊ शकतो. नर कुत्र्याच्या दाट लघवीत त्याचा अंश निरोगी असतानाही सापडतो, पण डोळ्यांचा पांढरा भाग किंवा हिरड्या पिवळ्या दिसत असतील तर यकृत आणि रक्त तपासावे. लाल रंग दोन प्रकारचा असतो. लघवीची नळी प्रयोगशाळेतील यंत्रात वेगाने फिरवून तळाशी लाल थर बसला आणि वरचे पाणी स्वच्छ झाले, तर तांबड्या पेशी मूत्रमार्गातून आल्या आहेत: संसर्ग, खडा, प्रोस्टेट किंवा गाठ. नळी फिरवूनही लघवी लालच राहिली, किंवा कोऱ्या चहासारखी तपकिरी असली, तर बहुधा पेशी रक्तातच फुटत आहेत, आणि तिथे गोचिडांमुळे होणारा बॅबेसियाचा संसर्ग आणि कांदा खाल्ल्याने होणारी विषबाधा आठवावी. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा जास्त घाईचा.

त्याहून घाईचे दोन प्रसंग चांदीला लागू नसले तरी लिहून ठेवतो. नर कुत्रा वारंवार पाय उचलतो, कुंथतो आणि थेंबही येत नाही, किंवा नुसते थेंबच येतात, तर त्याच्या शिश्नातील हाडापाशी खडा अडकलेला असू शकतो. तिथे मूत्रमार्ग रुंदावू शकत नाही. घरचे लोक याला बद्धकोष्ठ समजून एक दिवस घालवतात, आणि तो दिवस परवडणारा नसतो. दुसरा प्रसंग नसबंदी न झालेल्या कुत्रीचा: माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत ती एकाएकी खूप पाणी पिऊ लागली आणि मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी, मग बाहेर स्राव दिसो वा न दिसो.

आणि माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेनने मूत्रपिंडे निकामी झालेली कुत्री मी पाहिली आहेत.

प्रयोगवही यांचे उत्तर

माझा विषय रसायनशास्त्र असल्याने मी कोपऱ्यापुरते बोलते.

ताज्या लघवीला फारसा उग्र वास नसतो. तीत युरिया असतो आणि युरियाला वास नाही. जमिनीवरचे जंतू युरियाचे विघटन करून अमोनिया मोकळा करतात, म्हणून वास काही तासांनी चढतो. पाणी उडून गेल्यावर क्षार आणि सेंद्रिय पदार्थ फरशीच्या सांध्यांत आणि लाकडाच्या रंध्रांत वाळून बसतात. हवेत ओल आली की ते ती शोषून घेतात आणि वास पुन्हा सुटतो. दमट दिवशीच तुम्हाला कोपरा आठवतो तो यामुळे. फिनाइल जंतू मारते आणि स्वतःच्या वासाने काही काळ बाजी मारते, परंतु वाळून बसलेला माल तसाच राहतो. शिवाय ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटणाऱ्या कुत्र्याच्या पोटात ते जाते, हा वेगळा तोटा.

आधी जागा नक्की करा. रात्री दिवे बंद करून अतिनील प्रकाशाची विजेरी फिरवली की वाळलेली लघवी फिकट पिवळसर-हिरवट चमकते. कपडे धुण्याची पावडरही चमकते, त्यामुळे चमकणाऱ्या प्रत्येक डागावर आळ घेऊ नका. शंका आली तर नाक जवळ नेण्याला पर्याय नाही. विजेरी फरशीवरच थांबवू नका, भिंतीचा खालचा वीतभर भाग आणि सोफ्याचे पायही पाहा. डागाची उंची बरेच सांगून जाते.

जागा सापडल्यावर प्रथम साध्या थंड पाण्याने दोन-तीनदा धुऊन पाणी टिपून घ्या, म्हणजे आधीच्या फिनाइलचा अंशही निघेल. तो राहिला तर पुढच्या द्रावणातील विकरे (एन्झाइम) निकामी होऊ शकतात. मग पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारे विकरयुक्त द्रावण असे ओता की लघवी जितकी खोल मुरली असेल तितके तेही मुरेल. लोक इथेच चुकतात: दोनदा फवारतात आणि लगेच पुसतात. विकरांना ओल आणि वेळ लागतो, म्हणून बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा आणि त्यावर ओले फडके अंथरून ठेवा. जुन्या जागेला दोन-तीन आवर्तने लागतात. ताज्या डागाला मात्र एवढा सोहळा लागत नाही. जाड फडक्यावर पाय देऊन उभे राहून टिपून घेतले, पाणी टाकून पुन्हा टिपले, की बरेचसे काम होते. घासू नका, आणि गादीवर वाफेचा प्रयोग करू नका, उष्णतेने प्रथिने धाग्याला धरून बसतात.

एक गोष्ट बजावून सांगते. लघवीवर ब्लीच ओतू नका. ब्लीच आणि अमोनिया यांच्यापासून क्लोरामाइन वायू तयार होतो आणि तो श्वसनमार्ग जाळतो. बंद खोलीत, खाली वाकून, घाईघाईने पुसणाऱ्या माणसाच्या नाकाशीच तो तयार होत असतो.

हिरवळ यांचा उपप्रश्न

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. कुत्री लघवी करते तिथे गवत जळून वर्तुळ पडते आणि त्याच्या कडेचे गवत उलट जास्त हिरवे होते. लघवी आम्लधर्मी असल्याने असे होते म्हणतात आणि त्यासाठी कुत्र्याला पूरक पावडर देतात. हे बरोबर आहे का?

प्रयोगवही

आम्लाचा दोष नाही. तुम्ही पाहिलेली हिरवी कडच त्याचा पुरावा आहे. लघवीतले नत्र म्हणजे खतच. मध्यभागी ते अति होते म्हणून गवत जळते आणि कडेला बेताचे पोचते म्हणून तरारते. मादी एकाच जागी सगळी लघवी करते, त्यामुळे तिचे डाग ठळक दिसतात. लघवी झाल्या झाल्या तिथे झारीभर पाणी ओतले की पुरते.

निवृत्त पशुवैद्य

आणि लघवीची आम्लता बदलण्यासाठी पावडरी देऊ नयेत, एवढी जोड मी देतो. लघवी अल्कधर्मी झाली की स्ट्रुव्हाइटचे खडे धरतात, आणि आम्लधर्मी राहिली तर कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यांना वाव मिळतो. स्ट्रुव्हाइट विशेष आहाराने विरघळवता तरी येतो, ऑक्झलेट विरघळत नाही. गवतासाठी हा धोका पत्करू नये.

सायंतारा

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण हातात काहीतरी निश्चित आल्यावरच लिहायचे ठरवले होते.

पाणी मोजण्याचा पहिला दिवस वाया गेला. मुलाने भांडे रिकामे दिसले म्हणून न सांगता दोनदा भरले होते. त्यानंतर भांड्यावर चिठ्ठी चिकटवली. पुढच्या तीन दिवसांची सरासरी १,०५० मिलिलिटर आली, म्हणजे माझा संशय निव्वळ संशयच होता. पळीची युक्ती तिसऱ्या सकाळी जमली; पहिल्या दोन्ही दिवशी तिने पळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ती घराकडे वळली. विशिष्ट गुरुत्व १.०३४ आले. साखर, रक्त, प्रथिने नाहीत. सुईने घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढले नाहीत आणि सोनोग्राफीत खडा दिसला नाही. आमच्या पशुवैद्यांनी स्नायूच्या शिथिलतेसाठी फेनिलप्रोपॅनोलअमाइन सुरू केले. चौथ्या दिवसापासून गादी कोरडी आहे.

कोपऱ्याची गंमत वेगळीच निघाली. विजेरीखाली फरशी स्वच्छ होती, आणि सोफ्याच्या मागच्या लाकडी पायावर जमिनीपासून वीतभर उंचीवर ओघळ चमकत होते. चांदी कधी पाय उचलत नाही. महिन्याभरापूर्वी नणंदेचा कुत्रा चार दिवस आमच्याकडे राहून गेला होता. सासऱ्यांना बोलावून ते ओघळ दाखवले. त्यांनी वाकून पाहिले, काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी चांदीला फिरायला तेच घेऊन गेले.

एकच विचारायचे आहे. आता गळती थांबली आहे, तर गोळी हळूहळू बंद करता येईल का?

निवृत्त पशुवैद्य

छान वाटले वाचून. गोळी मनाने बंद करू नका. ती स्नायूचा ताण औषध अंगात असेपर्यंतच टिकवते, त्यामुळे मात्रा चुकली की बहुधा एक-दोन दिवसांत गादी पुन्हा ओली होते. कमीत कमी किती मात्रेवर ती कोरडी राहते हे आपल्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने हळूहळू शोधता येते. या औषधाने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो ठरावीक काळाने मोजून घ्या. ती अस्वस्थ वाटली, धापा टाकू लागली किंवा जेवण टाकले तर पुढची गोळी देण्याआधी पशुवैद्यांना फोन करा. गोळीने गुण आला नाही किंवा सोसली नाही, तर इस्ट्रिऑल हा दुसरा पर्याय आहे.